कॅम्परला अजून नंबर नाही, पिवळ्या पट्टीच्या टेम्पररी प्लेटवर जर्मनीतून इटलीला जाता येईल का?

नेकरकाठ:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो, दोन-तीन वर्षं घरात नुसतीच चर्चा चालली होती आणि शेवटी गेल्या आठवड्यात कॅम्पर घेतला. सेकंडहँड आहे, फियाट डुकाटोवर बांधलेला, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो ना तो आल्कोफन प्रकार, बेल्टवाल्या सीट सहा. डीलरकडून घेतलाय, पैसे सगळे भरून झालेत. आई-बाबा सांगलीहून आलेत, तीन महिन्यांचा व्हिसा आणि त्यातला दीड महिना बघता बघता संपला. मुलाला फिंग्स्टनची (ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाची) सुट्टी लागतेय आणि येत्या शनिवारी पहाटे ऑस्ट्रियातून ब्रेनर घाटमार्गे इटलीतल्या गार्डा लेकला निघायचं ठरलंय, कॅम्पिंगची जागा फेब्रुवारीतच बुक केली होती कारण फिंग्स्टनला अर्धं दक्षिण जर्मनी तिकडे लोटतं.

आता घोळ असा झालाय की गाडी आमच्या नावावर चढलेलीच नाही. जुन्या मालकाने गाडी विकताना नंबर रद्द केला, शाइन (नोंदणीचा कागद) डीलरकडे आहे, पण ब्रीफ (मालकीचा कागद) डीलरच्या बँकेत अडकलंय, ते बँक सोडणार, मग पोस्टाने डीलरकडे येणार आणि मग आमच्याकडे. त्यात त्सुलासुंग (गाडी नोंदणी) ऑफिसची पहिली मोकळी अपॉइंटमेंट बारा दिवसांनंतरची दिसतेय. डीलर म्हणतो कशाला टेन्शन घेता, पाच दिवसांची कुर्त्सत्साइट प्लेट काढून देतो, उजवीकडे पिवळी पट्टी असते ती, सगळे जातात तिच्यावर.

पण मला रात्री झोप लागत नाहीये. बॉर्डरवर कुणी अडवलं तर काय करायचं, बरोबर सत्तरीचे आई-बाबा आणि सहा वर्षांचं पोरगं. कुणी असं गेलंय का? ऑस्ट्रिया आणि इटली ही प्लेट मानतात का? की दुसरी कुठली टेम्पररी प्लेट असते जी बाहेर चालते? आईने तर येतानाच गाडीच्या पूजेसाठी कुंकवाचा करंडा आणि नारळ बॅगेत घालून आणलाय, तिला अजून सांगितलेलं नाही की गाडीला नंबरच नाही.

गाडीवान:
अभिनंदन कॅम्परबद्दल! आम्ही २०१९ साली याच प्लेटवर म्युनिकहून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाऊन आलो होतो, जाताना येताना कुणी ढुंकून बघितलं नाही. प्लेट बघून कोण थांबवतंय, गाडी नीट आणि कागद बरोबर असले की झालं. बिनधास्त जा, आई-बाबा काय रोज येत नाहीत.

म्युनिककर:
गाडीवान दादा, तुमचं सुखरूप झालं याचा आनंदच आहे पण या सल्ल्यावर त्यांना पाठवू नका, मी जरा सविस्तर लिहितो.

नेकरकाठ, तुम्ही प्रश्न बॉर्डरचा विचारताय पण अडचण बॉर्डरच्या खूप आधी आहे. ही पिवळ्या पट्टीची प्लेट कायद्याने फक्त दोन कामांसाठी मिळते, गाडी चालवून बघायला आणि गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला. म्हणजे डीलरच्या यार्डातून तुमच्या घरापर्यंत आणा, बिनघोर आणा. सुट्टीला जाणं यातल्या कशातच बसत नाही, अगदी जर्मनीतल्या जर्मनीतसुद्धा नाही. मागे सायकली, आत पाच माणसं, फ्रीजमध्ये दूध-दही आणि गार्डाचं बुकिंग, ही गाडी "डिलिव्हरीला" चालली आहे असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसरं, ती पिवळी पट्टी नीट बघितली आहे का कधी? तीन ओळीत आकडे असतात, वर दिवस, मधे महिना, खाली वर्ष. ही संपायची तारीख, जास्तीत जास्त पाच दिवस, आणि प्लेट दिली तो दिवसही त्यात धरतात. तुम्ही शुक्रवारी काढलीत तर मंगळवारी रात्री बारा वाजता खेळ खलास. गार्डाला किती दिवस राहणार आहात? परत येताना ती गाडी बिननंबराची, आणि तीसुद्धा परदेशात उभी.

तिसरं म्हणजे बॉर्डर. ही प्लेट जर्मनीची घरगुती सोय आहे, बाहेरच्या सगळ्याच देशांनी ती मानलीच पाहिजे असं काही बंधन नाही. कुठे चालवून घेतात, कुठे नाही. त्या भरवशावर मी माझ्या आई-वडिलांना घेऊन ब्रेनर चढणार नाही.

दुसऱ्या टेम्पररी प्लेटचं विचारलंत. एक लाल पट्टीवाली असते, आउसफूर प्लेट म्हणतात, ती बाहेर चालते पण ती जर्मनीतून कायमची नेणाऱ्या गाडीसाठी असते. लाल अक्षरांची ०६ ने सुरू होणारी असते ती डीलरची स्वतःची, त्याच्या धंद्याच्या कामापुरती. डीलरने ती लावून दिली तरी घेऊ नका. थोडक्यात तुम्हाला पाहिजे तशी प्लेट अस्तित्वातच नाही, गाडी नावावर करून घेणं हाच रस्ता.

आणि इन्शुरन्स! कुर्त्सत्साइट प्लेटबरोबर बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टी येतो, कास्को (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) नाही. एवढी महागडी गाडी एखाद्या बोगद्यात घासली तर सगळा खर्च तुमच्या खिशातून, वर प्लेट चुकीच्या कामाला वापरली म्हणून कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते ते वेगळंच.

ऱ्हाईनपार:
म्युनिककरांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. माझा अनुभव थोडा वेगळ्या कागदावरचा आहे पण धडा तोच म्हणून लिहितोय.

आम्ही मागच्या वर्षी छोटी व्हॅन घेतली आणि ऑनलाइन रजिस्ट्रेशन केलं. सप्टेंबर २०२३ पासून ही सोय आहे की ऑनलाइन मंजूर झालं की लगेच एक तात्पुरतं सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, प्रिंट काढून काचेतून दिसेल असं ठेवायचं, आणि प्लेटवरचे सरकारी स्टिकर पोस्टाने येईपर्यंत दहा दिवस बिनस्टिकरच्या प्लेटवर गाडी चालवायची. एकदम कायदेशीर, गाडी तुमच्या नावावर, इन्शुरन्स पूर्ण चालू. मी खूश. केलला बहिणीकडे गेलो होतो, संध्याकाळी सगळ्यांना लहर आली की पूल ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जेवायला जाऊ, दहा मिनिटांचं तर अंतर. पुलापलीकडे पहिल्याच वळणावर थांबवलं. पोलीसबाई प्लेटसमोर खाली वाकून बसल्या आणि जिथे स्टिकर असतो त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी तो प्रिंट दाखवला, त्यावर जर्मनमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की हा फक्त जर्मनीत वैध आहे, आणि ते मी वाचलंच नव्हतं. दीड तास रस्त्याच्या कडेला उभे, दंड भरला आणि तिथूनच परत फिरलो. मागच्या सीटवर माझी भाची रडायची थांबेना, तिला वाटलं मामाला पकडून नेतायत. त्यांनी गाडी जप्त केली नाही हे आमचं नशीब. चूक माझीच होती, पण तो दीड तास मी विसरू शकत नाही.

सांगायचं कारण, ऑनलाइनचा पर्याय कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. करा, चांगला आहे, पण ते दहा दिवस जर्मनीच्या आतच.

वसुधा_कार्ल्सरुह:
अरे, आधी घाबरणं बंद करा आणि फोन उचला. आज सोमवार आहे, शनिवारपर्यंत बरंच होऊ शकतं, आमचं झालं होतं.

सगळ्यात आधी ब्रीफ. डीलरला मेल करा, फोन नको, मेल, की पैसे अमुक तारखेला पूर्ण मिळालेत तेव्हा ब्रीफ बँकेतून कधी निघालं ते सांगा आणि ट्रॅकिंग नंबर पाठवा. पैसे घेतल्यावर कागद देणं ही त्याची जबाबदारी आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. आणि ब्रीफ त्याच्याकडे येऊन मग तुमच्याकडे यायची गरज नाही, जो माणूस ऑफिसात जाणार आहे त्याच्याकडेच जाऊ दे.

तो माणूस म्हणजे त्सुलासुंग्सडीन्स्ट. आपल्याकडे आरटीओचा एजंट असतो ना तसंच, फक्त इथे ते पूर्ण अधिकृत आहे. त्यांच्याकडे ऑफिसातले रोजचे स्लॉट असतात, तुम्ही सही केलेली फोल्माख्त (अधिकारपत्र), पासपोर्टची आणि आनमेल्डुंगची (पत्ता नोंदणीची) कॉपी, ईव्हीबी नंबर, गाडीच्या टॅक्ससाठी बँक खात्याचं मँडेट आणि ट्यूफचा (गाडीच्या फिटनेस तपासणीचा) रिपोर्ट एवढं दिलं की ते प्लेट घेऊन येतात. पैसे लागतात पण गार्डाचं बुकिंग बुडण्यापेक्षा कमीच. ईव्हीबी म्हणजे इन्शुरन्स कंपनीचा सात अक्षरी कोड, तो ऑनलाइन पाच मिनिटात मिळतो, त्यातच फोलकास्को (पूर्ण कास्को) टाकून घ्या.

अपॉइंटमेंटचं पण एक सांगते, सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास साइट रिफ्रेश करत राहा, कॅन्सल झालेले स्लॉट तेव्हा परत येतात, मला तसाच मिळाला होता. तुमच्या लांडक्राइसमध्ये (जिल्ह्यात) छोट्या गावात शाखा असेल तर तीही बघा.

ऑनलाइन करणार असाल तर तुमच्या रेसिडेन्स कार्डचं ईआयडी (ऑनलाइन ओळखीची सोय) चालू आहे का? आपल्या लोकांचं इथेच अडतं. कार्ड मिळताना पिनचं एक पत्र येतं, ते बहुतेकजण कुठेतरी ठेवून देतात आणि विसरतात, आमचं बँकेच्या फाइलमध्ये सापडलं. आणि ब्रीफवरचा खरवडायचा कोड लागतोच, म्हणजे ब्रीफ हातात असल्याशिवाय तेही होत नाही.

नंबर आत्ताच रिझर्व्ह करून ठेवा, मुलाची जन्मतारीख वगैरे काय हवं ते, साधारण तेरा युरो लागतात. पण व्हिन्येट (ऑस्ट्रियाच्या हायवेचा टोल-पास) मात्र नंबर पक्का झाल्याशिवाय ऑनलाइन काढू नका, ती नंबरवरच असते, एक अक्षर चुकलं तरी दंड. ब्रेनरच्या ए१३ हायवेचा टोल व्हिन्येटमध्ये धरत नाहीत, तो वेगळा. इन्सब्रुकपर्यंतच्या ए१२ ला व्हिन्येट पाहिजेच.

आणि आईंना सांगून टाका हो. त्यांना काही वाटणार नाही, उलट त्या देवापुढे दिवा लावतील.

गाडीवान:
म्युनिककर, खरं सांगायचं तर डिलिव्हरी आणि टेस्टपुरतीच असते हे मला माहीतच नव्हतं, आमच्याही डीलरने सांगितलं नव्हतं. नेकरकाठ, माझा वरचा सल्ला मागे घेतो. आई-बाबा बरोबर असताना असली जोखीम नको.

नेकरकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. डीलरला मेल केला, दोन तासात उत्तर आलं की ब्रीफ आजच बँकेतून रजिस्टर्ड पोस्टाने निघालं, बुधवारी किंवा गुरुवारी पोचेल. वसुधाताई तुमच्या सांगण्यावरून एजंट शोधला, तो म्हणाला गुरुवारी सकाळी ब्रीफ मिळालं तर शुक्रवारी दुपारपर्यंत काम होईल. पिवळी प्लेट घेतोय, पण फक्त यार्डातून घरी आणायला, तेवढ्यापुरतीच. आईला सांगितलं, तिने विचारलं की मग नारळ कशावर फोडायचा, नंबर आल्यावरच फोडू.

आल्प्सवेडा:
उशिरा येतोय पण आल्कोफन आणि पाच माणसं वाचून राहवलं नाही. नेकरकाठ, गाडीचं वजन केलंय का? तुमच्याकडे साधं बी (कारचं) लायसन्स असेल तर ३.५ टनाची मर्यादा, आणि सहा सीटची आल्कोफन रिकामीच तीन टनांच्या आसपास असते. कागदावर जे वजन लिहिलेलं असतं त्यात ड्रायव्हर ७५ किलोचा धरलेला असतो, बाकीची चार माणसं तुम्हाला वरून मोजायची. मागची ताडपत्री, सायकली, मुलाची खेळणी, आईंचे डबे. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले. ऑस्ट्रियात गाडी काट्यावर घेतात, जास्त भरलं तर दंड आणि सामान उतरवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. बांधकामाचा मलबा घेणाऱ्या यार्डात किंवा खडी-वाळूवाल्याकडे काटा असतो, थोडक्या पैशात चिठ्ठी देतात. सगळं भरून, सगळ्यांना बसवून करा.

दुसरं, हिरवा पर्यावरणाचा स्टिकर. काचेवर जुन्या मालकाचा असेल तर त्यावर जुना नंबर पेनाने लिहिलेला असणार, तो आता चालत नाही, नवा नंबर आला की नवा घ्या, तुमच्या स्टुटगार्टमध्ये तर लागतोच. गाडीतल्या गॅसची तपासणी पण बघा, जून २०२५ पासून ती दर दोन वर्षांनी सक्तीची झाली आहे, पिवळं पुस्तक असतं त्यात शिक्का आहे का बघा.

आणि मागे सायकली लावणार असाल तर इटलीत त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा बोर्ड पाहिजे. आतापासूनच घ्या, फिंग्स्टनच्या आदल्या दिवशी दुकानात मिळत नाही.

शनिवारी निघू नका असं माझं मत. ब्रेनरवर लुएगचा पूल नव्याने बांधतायत, २०२५ च्या जानेवारीपासून तिथे एकच लेन चालू आहे, गर्दीच्या दिवशी दोन करतात, तरी रांगा लागतातच. गूगल तुम्हाला खालच्या गावातून जायला सांगेल तर ऐकू नका, गर्दीच्या वीकेंडला तिरोल प्रांत ते रस्ते परगावच्या गाड्यांना बंद करतं, पोलीस उभे असतात.

म्युनिककर:
एक राहिलं. परतीच्या वाटेवर सीमेवरच्या कीफर्सफेल्डनला जर्मन पोलिसांची तपासणी असते, आई-बाबांचे मूळ पासपोर्ट वर ठेवा, सामानाखाली बॅगेत नको. व्हिसा शेंगेनचा आहे तेव्हा ऑस्ट्रिया-इटलीला प्रश्न नाही, पण फोटो किंवा झेरॉक्स दाखवून भागत नाही. आणि इन्शुरन्सचं ग्रीन कार्ड (परदेशात दाखवायचा विम्याचा पुरावा) मागवून ठेवा, आता पांढऱ्या कागदावरची प्रिंटही चालते.

नेकरकाठ:
श्टेर्त्सिंगच्या पार्किंगमधून लिहितोय, म्हणजे ब्रेनर ओलांडून इटलीत पोचलो.

ब्रीफ गुरुवारी आलं. शुक्रवारी एजंटबरोबर मी पण गेलो, मला बघायचंच होतं. ऑफिससमोरच प्लेटवाल्याचं टपरीएवढं दुकान, त्याने पांढरा पत्रा घेतला, साच्यात अक्षरं लावली, प्रेस दाबला आणि मग ती प्लेट गरम रोलरमधून काढली तेव्हा उठलेल्या अक्षरांवर काळा रंग चढला. हातात दिली तेव्हा कोमट होती. आत काउंटरवर बाईंनी स्टिकर लावले, मागचा ट्यूफचा गोल, बाडन-वुर्टेंबर्गचा शिक्का, आणि नखाने कडा दाबून बसवल्या. सव्वाअकराला बाहेर.

संध्याकाळी आईने पुढच्या प्लेटला हळदकुंकू लावलं आणि चाकाजवळ नारळ फोडला. मी म्हटलं आई नंबरच्या अक्षरांवर कुंकू नको, वाचता आलं पाहिजे, तर तिने कडेला दोन बोटं ओढली आणि म्हणाली, आता अडवलं तर मी बोलेन त्यांच्याशी.

आल्प्सवेड्या दादा, काट्यावर ३,५६० भरले! टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी केली, दोन सायकली, एक जड तंबू आणि बाबांचा तांदळाचा दहा किलोचा बाजार घरी ठेवला तेव्हा ३,४४० वर आलं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी तसाच निघालो असतो. शनिवार सोडला, आज रविवारी पहाटे साडेतीनला निघालो, कॅम्पिंगवाल्यांना फोन केला तर त्यांनी एक रात्र पुढे सरकवून दिली. लुएगला वीस मिनिटं गेली, बस तेवढीच.

टाकी गार्डाला पोचल्यावरच भरणार. वसुधाताई, तेरा युरोंत मुलाची जन्मतारीख मिळाली, आणि त्याने मागच्या खिडकीत हाताने लिहून आमचा नंबर लावलाय, बाहेरून वाचता येईल असा.